पोचलं

जूनमधला पहिला पाऊस पडून गेला की दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन सुरू होतात. आधी नुसती चौकशी: तब्येत, पाऊस, मुलांच्या शाळा. मग हळूच, ‘यंदा कथा देताय ना?’ आपण ‘बघू, जमलं तर’ म्हणतो आणि पलीकडचा माणूस ते ‘हो’ म्हणून लिहून घेतो. गणपतीच्या सुमाराला हाच फोन वरचेवर येऊ लागतो आणि पितृपक्षात ‘आता फक्त तुमच्यासाठी पानं थांबवलीत’ या वाक्यावर येऊन ठेपतो. हे वाक्य एकाच संध्याकाळी पाच-सहा लेखकांना ऐकवलं जातं, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक असतं. तरी ते लागू पडतं.

या तगाद्याबद्दल लेखक मंडळी पुष्कळ कुरकुरतात. मीही कुरकुरते. सक्तीचं लेखन, मागणी तसा पुरवठा, चकली-चिवड्याबरोबरचा मजकूर वगैरे. त्यात तथ्य नाही असं नाही. पण का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेला दरवर्षी एक पक्की तारीख मिळत आली आहे. ती नसती तर कितीतरी चांगल्या कथा लेखकांच्या डोक्यातच म्हाताऱ्या झाल्या असत्या. शाळेत, बँकेत, कचेरीत नोकरी करून लिहिणारी ही माणसं. ‘आज लिहावंसं वाटतंय’ असा मोकळा दिवस त्यांना वर्षातून कितीदा सापडणार?

काहीतरी करू पाहणारी माणसं भेटतात, कुणाला लिहायचं असतं, कुणाला गाणं पुन्हा सुरू करायचं असतं. प्रश्न ठरलेला: मूडच लागत नाही, काय करू? यावर हल्ली उत्तरंही ठरलेली आहेत. पहाटे पाचला उठा, वहीत रकाने आखा, एकवीस दिवस पाळा, सवय लागलीच म्हणून समजा. या एकवीसचं मूळ फार गमतीचं आहे. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जननं १९६० सालच्या एका पुस्तकात नोंदवलं होतं की, शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी एकवीस दिवस लागतात. पुढे त्यातलं ‘कमीत कमी’ गळलं, चेहरा गळला आणि आकडा तेवढा उरला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर याचा रीतसर अभ्यास केला. प्रत्येकानं रोज एक साधी गोष्ट करायची, जेवणाबरोबर फळ खाणं किंवा थोडं धावणं, अशी. ती आपसूक होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाचं काम १८ दिवसांत झालं, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, असंही दिसलं. हा भाग मला विशेष आवडतो, कारण आपल्याकडे एक दिवस खाडा झाला की माणसं अख्खा संकल्पच गुंडाळून ठेवतात.

पण फळ खाणं आणि कथा लिहिणं यांत एक फरक आहे. सफरचंद पिठूळ निघालं तर आपण फळवाल्याला नावं ठेवतो. पान पिठूळ निघालं तर स्वतःला. रोज सकाळी आपण किती सामान्य आहोत याचा पुरावा हातात घ्यायला कोण आनंदानं उठेल? म्हणून असल्या कामात नुसती सवय पुरत नाही, असं माझं मत झालंय. पलीकडे कुणीतरी वाट पाहत असावं लागतं.

अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात अधिकारी होता. नोकरी सांभाळून रोज पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहायचा. अशा ४७ कादंबऱ्या त्यानं लिहिल्या. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली आत्मचरित्र निघालं, त्यात हा सगळा हिशेब त्यानं मोकळेपणानं मांडला होता. रसिक मंडळी नाराज झाली. घड्याळ लावून लिहिलेलं ते कसलं साहित्य! मला मात्र त्या पुस्तकातली आठवते ती घड्याळाची नव्हे, नोकराची गोष्ट. घोड्यांची निगा राखणारा एक म्हातारा त्याच्याकडे होता. पहाटे उठवून कॉफी आणून द्यायची, याचे ट्रॉलप त्याला वर्षाला पाच पौंड जादा देत असे. आपल्या यशाचं श्रेय इतर कुणाहीपेक्षा या माणसाला जास्त आहे, असं त्यानं लिहून ठेवलंय. इतकी शिस्त असलेल्या माणसालाही स्वतःच्या निग्रहावर भरवसा नव्हता. आणि म्हातारा स्वतः अंधारात उठून कॉफी घेऊन उभा असताना पुन्हा पांघरूण ओढायचं म्हणजे फारच निर्लज्जपणा लागतो.

गाणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. एकट्यानं तानपुरा काढायचा कंटाळा येतो. तबलजी सहाला येणार असेल तर पावणेसहाला तारा जुळलेल्या असतात.

आता यावर कुणी भारतरत्न पां. वा. काण्यांचं नाव घेईल, आणि ते घ्यायलाच हवं. मुंबईत हायकोर्टात वकिली करणारा हा माणूस. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत धर्मशास्त्राचा थोडा इतिहास द्यावा, इतकाच मूळ बेत. ती प्रस्तावना फुगत फुगत पाच खंडांची झाली. पहिला खंड १९३० साली आला, शेवटचा १९६२ साली पुरा झाला, तेव्हा काणे ८२ वर्षांचे होते. सहा हजारांहून जास्त पानं. बत्तीस वर्षं त्यांच्या दाराशी कोण कॉफी घेऊन उभं होतं? माझा तर्क इतकाच की, पहिला खंड छापून झाला की दुसऱ्याचं देणं अंगावर येतं, आणि वकिलाला देणं फार टोचतं. पण खरं सांगायचं तर अशी माणसं माझ्या हिशेबात बसत नाहीत. ती कुणाच्याच हिशेबात बसत नाहीत, म्हणून त्यांच्यावरून नियम काढू नयेत. आपण आपलं तबलजी शोधावा.

आमच्या इमारतीत एक काका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. रोज एक पेन्सिलचित्र काढतात: पाण्याचा मीटर, वाळत घातलेला टॉवेल, समोरच्या गच्चीवरची टाकी. फोटो काढून शाळेतल्या एका मित्राला मोबाइलवर पाठवतात. मित्र मिरजेचा, चित्रातलं त्याला ओ की ठो कळत नाही. तो उत्तरात एकच शब्द लिहितो: ‘पोचलं.’ मनीऑर्डरची पावती दिल्यासारखं. मी एकदा विचारलं, एवढं करून ते कधी ‘छान’ म्हणत नाहीत? काका म्हणाले, ‘म्हणू नये तेच बरं. छान म्हणाला तर उद्याचं चित्र छान करायची धास्ती. मग बसवणार नाही.’ वाट पाहणाऱ्यानं परीक्षक होऊ नये, ही बारीक गोष्ट काकांना बरोबर उमगली आहे. पुष्कळ आईबापांना आणि काही संपादकांना ती उमगत नाही.

सध्या मित्र मुलाकडे न्यू जर्सीला गेलाय, त्यामुळे ‘पोचलं’ भलत्याच वेळी येतं. मध्यंतरी एक दिवस आलंच नाही. काकांनी दोन तास कळ काढली आणि थेट मित्राच्या मुलाला फोन लावला. मित्र ठणठणीत होता. नायगारा बघायला गेला होता, फोन घरी विसरून.

‘निदान सांगून तरी जायचं,’ काका म्हणाले, आणि त्या दिवशीचं चित्र त्यांनी पुन्हा एकदा पाठवलं.