वाटीचे माप आणि काट्याचे वजन

दिवाळीपूर्वी घरचा मैदा, तूप आणि साखर डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायची आणि नानकटाई भाजून आणायची, ही रीत कोल्हापुरात अनेक घरांनी पाहिली आहे. भट्टीवरचा हिशेब वजनाचा: किलोभर मैद्यास अर्धा किलो तूप आणि अर्धा किलो पिठीसाखर. आता घरोघरी ओव्हन आले. हिशेब तोच राहिला, पण काट्याच्या जागी वाटी आली आणि नानकटाई ताटलीभर पसरू लागली. दोष बहुधा ओव्हनला दिला जातो. खरी चूक मापात असते.

१८० मिलिलिटरच्या वाटीत मैदा सुमारे ९० ग्रॅम मावतो. पातळ केलेले तूप मात्र १६० ग्रॅमहून अधिक. म्हणून 'मैद्याच्या निम्मे तूप' वाटीने घेतले, की दोन वाट्या मैदा १८० ग्रॅम आणि एक वाटी तूप जवळजवळ तेवढेच! तूप दुपटीच्या घरात गेल्यावर नानकटाई आकार धरणार कशी? २५० ग्रॅम मैद्याचे प्रमाण या वाटीने घ्यायचे तर मैदा पावणेतीन वाट्या, तूप पाऊण वाटी आणि पिठीसाखर दीड वाटीस किंचित कमी.

आपल्या वाटीचे माप काढणे सोपे आहे. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि काठोकाठ पाणी भरावे. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. पाककृतीतील कप बहुधा २४० मिलिलिटरचा असतो. त्यात मैदा १२० ते १२५ ग्रॅम, दाणेदार साखर २००, पिठीसाखर सुमारे १२०, रवा सुमारे १७०, दूध २४५ आणि तेल २२० ग्रॅम बसते. वाटी १८० ची असेल तर या प्रत्येक आकड्याचा पाऊण भाग धरावा. गूळ मात्र वजनानेच घ्यावा. चिरलेला, किसलेला आणि दाबून भरलेला गूळ वाटीत सारखा कधीच मावत नाही.

जैन घरात पीठ चाळल्याखेरीज वापरले जात नाही. जीवरक्षेसाठी पाळलेल्या या नियमाचा मापाशीही संबंध आहे. चाळलेला मैदा हलका होतो. कपात ११५ ग्रॅमच भरतो. तोच कप डब्यात खुपसून भरला तर १४० ते १५० ग्रॅम येतात. तीन कपांत शंभर ग्रॅमांपर्यंत फरक पडतो. अंड्याविना केलेल्या केकला अंड्याचा आधार नसल्याने हा फरक लगेच जाणवतो. म्हणून मैदा आधी चाळावा, मग तोलावा. सोडा व बेकिंग पावडर यांचे मात्र उलट: घरगुती काटा दोन-तीन ग्रॅमला भरवशाचा नसतो, तिथे पाच मिलिलिटरचा सपाट चमचाच योग्य.

व्यापारी घराला हा भेद नवा नाही. दशमान वजने येण्यापूर्वी धान्य चिपटे, मापटे, शेर आणि पायलीने मापले जाई, तर गूळ तराजूवर तोलला जाई. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताच्या अतिचारांत 'हीनाधिकमानोन्मान' सांगितला आहे. मान म्हणजे मापाचे भांडे, उन्मान म्हणजे तराजू. देताना कमी आणि घेताना अधिक मापाचे साधन वापरणे हा दोष. आज अनेक भगिनी घरून केक व नानकटाईच्या मागण्या घेतात. अर्धा किलो सांगितलेला केक साच्याच्या आकारावरून अर्धा किलो ठरत नाही. तो तयार झाल्यावर काट्यावर ठेवूनच ठरतो. कमी भरल्यास तसे सांगून तेवढेच पैसे घ्यावेत.

घरातील पाककृतींच्या वहीच्या पहिल्या पानावर आपल्या वाटीचे मिलिलिटर लिहून ठेवावेत. लेक सासरी जाताना किंवा शिक्षणासाठी परगावी जाताना वही सोबत नेते. वाटी बहुधा मागेच राहते.