गालाला चिमटा

२००४ साली किकियामा या टोपणनावाच्या जपानी निर्मात्याने ‘युमे निक्की’ म्हणजे ‘स्वप्नांची रोजनिशी’ हा गेम फुकट खुला केला. त्यातली मादोत्सुकी नावाची मुलगी खोलीबाहेर पाऊल टाकत नाही. झोपली की मात्र तिच्यापुढे १२ दारं उभी राहतात. पलीकडे नुसतं भटकायचं. वाटेत २४ चमत्कारिक रूपं सापडतात: कधी हाती सुरी येते, कधी सायकल. कशाचाच खुलासा नाही. भीती वाटली तर गालाला चिमटा काढायचा, की जाग! मला हा चिमटाच सगळ्यात मोलाचा वाटतो. परतीची वाट हाताशी आहे, म्हणून तर आपण आणखी आत शिरतो. शेवट मात्र काळाकुट्ट आहे. मुलांच्या हाती देण्याआधी स्वतः खेळून पाहा.