जहाजभेदी क्षेपणास्त्राला जहाज सापडते कसे?

जहाजविरोधी क्षेपणास्त्राची चर्चा पल्ल्यापाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. अवघड भाग मात्र त्यानंतरचा. जहाज काही एका जागी थांबत नाही. ताशी ९०० किमी वेगाच्या क्षेपणास्त्राला ३०० किमी कापायला २० मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात ३० नॉट वेगाची युद्धनौका मूळ जागेपासून सुमारे १८ किमी दूर गेलेली असते.

म्हणून क्षेपणास्त्र आधी उपग्रहांच्या आणि स्वतःच्या आतल्या दिशादर्शक यंत्रणेच्या आधारे त्या भागापर्यंत जाते. तिथे पोहोचल्यावरच त्याच्या नाकातले रडार सुरू होऊन लक्ष्य शोधू लागते. ते आधीच सुरू केले, तर त्याच्या लहरींनी जहाज सावध होते. अनेक क्षेपणास्त्रे शेवटच्या टप्प्यात पाण्यापासून जेमतेम काही मीटर उंचीवर उतरतात. इथे पृथ्वीची गोलाई कामी येते. २५ मीटर उंचीवरच्या रडारला ५ मीटरवरून येणारे क्षेपणास्त्र साधारण ३० किमीच्या आत आल्यावरच दिसते. म्हणजे हाती उरली जेमतेम दोन मिनिटे. ध्वनीच्या पावणेतीनपट वेगाचे ब्रह्मोस असेल, तर अर्धेच मिनिट. एप्रिल २०२२ मध्ये काळ्या समुद्रात रशियाची ‘मोस्कवा’ बुडाली. दोन नेपच्यून क्षेपणास्त्रांनी तिला टिपले, असे युक्रेन सांगतो; रशिया आगीकडे बोट दाखवतो. नेपच्यून तर ध्वनीपेक्षा मंदच आहे.

युद्धनौकेकडे निदान प्रतिक्षेपणास्त्रे आणि तोफा असतात. व्यापारी जहाजाकडे यातले काहीच नाही. उलट टक्कर टाळण्यासाठी ते ‘एआयएस’ यंत्रणेवरून आपले नाव, ठिकाण आणि वेग सतत जाहीर करत असते. जहाज शोधण्याचे हल्लेखोराचे काम त्यामुळे बरेच आयते होते. ६ मार्च २०२४ रोजी एडनच्या आखातात ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या मालवाहू जहाजावर हुथींचे क्षेपणास्त्र आदळले. हे पाण्यालगत उडणारे नव्हते, तर वरून कोसळणारे बॅलिस्टिक क्षेपणास्त्र होते. तीन खलाशी मृत्युमुखी पडले. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या ‘आयएनएस कोलकाता’ने २१ जणांना वाचवले, त्यात एक भारतीय होता.

एआयएस बंद ठेवावे, तर गर्दीच्या जलमार्गावर रात्री टकरीची भीती. सुरू ठेवावे, तर हल्ल्याची. यातले काय पत्करायचे, हे त्या पट्ट्यात शिरताना प्रत्येक कॅप्टनला ठरवावे लागते.