आधी गुलाब, मग फुटबॉल

पूर्वेकडची अमेरिका दारातला बर्फ उपसत असते तेव्हा आपल्याकडे गुलाब फुललेले असतात, हे साऱ्या देशाला दिसावं म्हणून कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाच्या व्हॅली हंट क्लबने १ जानेवारी १८९० ला फुलांनी सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक काढली. तिच्यात अमेरिकन फुटबॉल नव्हताच. तो आला १९०२ मध्ये, मिरवणुकीच्या खर्चाला हातभार म्हणून.

आला आणि आपटला. मिशिगन विद्यापीठाने स्टॅनफर्ड विद्यापीठाला ४९-० असं धुतलं. वेळ शिल्लक असतानाच स्टॅनफर्डने हात टेकले. आयोजकांनी असा धसका घेतला की पुढे फुटबॉलऐवजी रोमन थाटाचे रथ पळवले. १९१३ मध्ये तर हत्ती आणि उंटाची शर्यत लावली. हत्ती जिंकला! फुटबॉल परतला थेट १९१६ मध्ये.

‘रोझ बाउल’ हे नाव त्याहून उशिराचं. येल विद्यापीठाच्या ‘येल बाउल’च्या धर्तीवर वाडग्यासारखं नवं स्टेडियम उभं राहिलं आणि १९२३ पासून सामना तिथे होऊ लागला. पुढे ऑरेंज, शुगर, कॉटन अशी भावंडं जन्मली. मैदानाचा आकार कसाही असो, हंगामाअखेरचा सामना म्हणजे ‘बाउल’ हे ठरून गेलं.

या सामन्याने जन्माला घातलेला सर्वांत प्रसिद्ध माणूस मात्र विजेता नव्हे. १९२९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रॉय रिगल्सने जॉर्जिया टेकच्या हातून निसटलेला चेंडू उचलला (हा फुटबॉल पायांपेक्षा हातांनीच जास्त खेळतात), धक्काबुक्कीत गरगरला आणि सुसाट सुटला, स्वतःच्याच गोलरेषेकडे. सुमारे ६५ यार्ड! त्याचाच सहकारी बेनी लोम ओरडत मागे धावला आणि रेषेच्या तोंडाशी त्याने त्याला गाठलं. त्या गोंधळातून प्रतिस्पर्ध्यांना दोन गुण मिळाले. अंतिम निकाल ८-७. कॅलिफोर्निया एका गुणाने हरलं.

१९४२ मध्ये पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर गर्दी जमवण्याची धास्ती होती, म्हणून सामना थेट नॉर्थ कॅरोलिनात, ड्यूक विद्यापीठाच्या मैदानावर नेला. घरच्या मैदानावर ड्यूकच हरलं.

१९४७ पासून बहुतेक वर्षं पश्चिम किनाऱ्याचा एक संघ आणि मध्य-पश्चिमेच्या ‘बिग टेन’ या विद्यापीठ-गटाचा एक, अशी जोडी ठरलेली असे. ती चुरस स्वयंपूर्ण होती; पुढे कोण राष्ट्रीय विजेता ठरेल, याची तिला पर्वा नसे. आता हा सामना राष्ट्रीय प्लेऑफच्या साखळीत ओवला गेलाय. त्याचं महत्त्व वाढलं म्हणतात. वाढलं असेलही, पण मुक्कामाच्या गावाचं जंक्शन झालं.

एक हट्ट तेवढा शाबूत आहे. चर्चबाहेर बांधलेले घोडे बुजतील म्हणून १८९३ मध्ये रविवारची मिरवणूक सोमवारवर ढकलली होती. २०२३ मध्ये १ जानेवारीला रविवार आला, तेव्हा चर्चबाहेर एकही घोडा नव्हता. मिरवणूक आणि सामना, दोन्ही २ तारखेलाच झाले.