बंदीचा हुकूम चोख, देखरेख रामभरोसे!

घोडेगांवच्या बाजारीं कांदा व जनावरें आणणाऱ्या बांधवांनो! सन २०२१ च्या ऑक्टोबरांत आपल्या जिल्ह्यांतील ६१ गांवें सरकारी हुकुमानें दहा दिवस बंद झालीं. साथ पसरूं नये हें आम्हांसही मान्य. पण सुताराचा रंधा, न्हाव्याचा वस्तरा थांबला, म्हणजे त्या घरची चूल कशानें पेटावी? घरोघर ताप तपासणाऱ्या आशाताईंना तर त्याच सालच्या जूनांत मोबदल्यासाठीं संप करावा लागला! आणि ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयांत कोरोना विभागास आग लागून ११ रोगी दगावले. ही देखरेख काय?

याच जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें गांवच्याच पथकांकडून घरोघर तपासणी करवून मे २०२१ मध्यें गांव रोगमुक्त केला. सावित्रीबाई फुले १८९७ सालीं प्लेगच्या रोग्यांची सेवा करतां करतां गेल्या. त्या हुकुमासाठीं थांबल्या नाहींत.

म्हणून आम्ही सांगतों, गांवची आरोग्य समिती कागदावर झोंपली असेल तर तिला ग्रामसभेंत उठवा, पैचा हिशेब मागा. हातावर पोट असणाऱ्यांची, निराधार म्हाताऱ्यांची यादी आजच करा. घरास आग लागल्यावर विहीर खणणारा शहाणा नव्हे!