जुन्या पिकअपची थकबाकी



सोसायटीचे कर्ज थकले की सचिव घरी येतो, नोटीस येते, चारचौघांत नाव निघते. गाडीच्या देखभालीची थकबाकी मात्र कोणी वाचून दाखवत नाही. ती गुपचूप वाढते, तिच्यावर व्याज चढते, आणि मग एखाद्या दिवशी भर उतारावर एकरकमी वसुली होते.

गेल्या वेचणीच्या हंगामातली गोष्ट. अंबड तालुक्यातल्या एका शेतकरी गृहस्थांनी आठ वर्षांची जुनी डिझेल पिकअप विकत घेतली होती. गाडी चालू होत होती, ओझे ओढत होती, म्हणून वर्षभर तिच्याकडे कोणी पाहिले नाही. डिझेल टाकायचे आणि पळवायचे. एका संध्याकाळी मागे कापसाची गाठोडी, त्यावर वेचणीच्या सात बाया, आणि गाडी चालवायला त्यांचा मुलगा. ओढ्याच्या उतारावर त्याने ब्रेक दाबला तर पेडल तळाला गेले. ब्रेक जेमतेम लागले. पोराने प्रसंगावधान राखून गाडी शेजारच्या नांगरटीत घातली, म्हणून सगळे वाचले. एका बाईचा मात्र हात मोडला. दवाखान्याचा खर्च मालकाने केला; पण तिची वेचणीची मजुरी बुडाली आणि घरचे कामही अडले.

मिस्त्रीने चाक उघडले तेव्हा कारण कळले. मागच्या चाकातल्या ब्रेकच्या सिलिंडरचे रबर फाटून ब्रेक ऑइल कित्येक दिवस झिरपत होते. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी वर्षभरात कोणी एकदाही पाहिली नव्हती.

ते गृहस्थ मला भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, पैसे थोडे हायेत अन् कामं ढीगभर. आधी काय करू तेवढं सांगा." प्रश्न अगदी बरोबर होता. मी काही मोटार मिस्त्री नव्हे. म्हणून एका जाणत्या मिस्त्रींना सोबत बसवून आम्ही कामांचा क्रम लावला. अनेकांच्या दारात अशी जुनी गाडी उभी आहे, म्हणून तो येथे देत आहे.

गाडी घेतली, पण वंगण विसरलो

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, तेव्हा आमच्याकडचा बहुतेक माल बैलगाडीनेच बाजारात जाई. वंगणाचा नळा गाडीलाच टांगलेला असे. आसाला वंगण घातल्याशिवाय जाणता माणूस बैल जुंपत नसे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होई. आज जालन्याच्या बाजारात मोसंबी, कापूस, सोयाबीन पिकअपमधून येते. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पण बॉनेट उघडत नाही.

जुनी गाडी घेतली की पहिला नियम हा, की मागच्या मालकाचे शब्द हिशोबात धरू नयेत. "ऑइल आत्ताच बदललंय" हे वाक्य बैल विकणाऱ्याच्या "आत्ताच सहादाती झालाय" या वाक्यासारखेच समजावे. कागदावर नोंद किंवा पावती नसेल, तर ते काम झालेच नाही असे धरून चालावे. गाडी स्वच्छ धुऊन घ्यावी, म्हणजे कोठून काय गळते ते दिसेल. रात्री इंजिनाखाली आणि चारही चाकांपाशी जुने पुठ्ठे पसरून ठेवावेत. सकाळी डाग पाहून गळतीची जागा कळते. मीटरवरचे किलोमीटर एका वहीत लिहून त्या दिवसापासून हिशोब सुरू करावा. कोणते ऑइल, किती आणि कधी, हे गाडीच्या मॉडेलप्रमाणे बदलते. म्हणून कंपनीचे माहितीपुस्तक हरवले असेल तर ते मिळवावे.

पहिला हप्ता : थांबणे, वळणे आणि दिसणे

पुढचे ओझे भरण्याआधी हे करावेच. चारही चाके उघडून ब्रेकचे लायनर, पॅड आणि सिलिंडर पाहून घ्यावेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. ओलावा वाढला की उतारावर ब्रेक तापताच त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडते. म्हणून शंका असेल तर सगळेच ऑइल बदलावे, आणि पुढे साधारण दर दोन वर्षांनी बदलत जावे. डबीच्या झाकणावर लिहिलेल्याच प्रकारचे ऑइल घालावे. इंजिन ऑइल त्यात चुकूनही घालू नये. त्याने सगळी रबरे फुगून निकामी होतात.

घरी करण्याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे. मग घट्ट दाबून धरावे. मिनिटभरात ते हळूहळू खाली सरकत असेल तर कोठेतरी गळती आहे. आता पेडल दाबलेलेच ठेवून इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. गेले नाही तर ब्रेकला जोर देणारी यंत्रणा बिघडलेली आहे. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून किंवा गाडी न्यूट्रल करून सोडण्याची सवय काहींना असते. ती घातक आहे. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारा जोर दोन-चार दाबांतच संपतो, आणि न्यूट्रलमध्ये इंजिनाची अडवणूकही राहत नाही.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. ३४२० म्हणजे तो टायर २०२० सालच्या ३४ व्या आठवड्यातला. खाचा शिल्लक असल्या तरी टायरच्या बाजूला चिरा पडल्या असतील तर तो बदलावा. स्टेअरिंग किती ढिले आहे, मागच्या पाट्यांत एखादे पान तुटले आहे का, चाकांचे नट पक्के आहेत का, हे मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. मागचे लाल दिवे आणि परावर्तक पट्ट्या यांचा खर्च थोडा असतो. अंधारात बंद पडलेली गाडी मागच्याला दिसली नाही तर काय होते, ते सांगायला नको.

दुसरा हप्ता : इंजिनाचा जीव

यासाठी महिनाभराची मुदत घ्या, त्याहून जास्त नको. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर दोन्ही एकाच वेळी बदलावेत. ऑइल कोमट असताना काढले की गाळही सोबत निघतो. डिझेल इंजिनाचे ऑइल लवकरच काळे पडते, त्याची भीती बाळगू नये. पण ते दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी उतरले आहे असे समजावे. पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला, तर ऑइलमध्ये डिझेल उतरते आहे. या दोन्ही वेळी गाडी न चालवता मिस्त्रीला बोलवावे.

दुसरे काम रेडिएटरचे. आपल्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास बोअरचे पाणी ओततात. ठिबकच्या नळ्या ज्या क्षारांनी बुजतात, तेच क्षार रेडिएटरच्या आतही बसतात. मग उन्हाळ्यात ओझे घेऊन निघाले की इंजिन तापते, हेड वाकते, गॅस्केट जाते. आतले पाणी काढून, स्वच्छ करून, कूलंट आणि बॅटरीला वापरतो ते शुद्ध पाणी पुस्तकात दिलेल्या प्रमाणात भरावे. कूलंटमुळे गंज धरत नाही आणि पाणी लवकर उकळत नाही. रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू, किडे, धूळ अडकते. ती इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने, मंद धारेने धुवावी. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी तोंडावर येते.

तिसरे काम हवेच्या फिल्टरचे. जुन्या ट्रॅक्टरचा तेलातला फिल्टर धुता येतो, तसा कागदी फिल्टर धुता येत नाही. तो आतून बाहेर मंद हवेने झटकावा, आणि बुजला असेल तर बदलावा. धुळीच्या रस्त्यावर पुस्तकातल्या मुदतीच्या आधीच पाहावे.

चौथे काम पट्ट्यांचे. बाहेरचा पट्टा चिरला असेल तर बदलावा. आपल्या इंजिनात टायमिंगचा पट्टा आहे, साखळी आहे की दातेरी चक्रे, हे विचारून घ्यावे. पट्टा असेल आणि तो कधी बदलला याची नोंद नसेल, तर वाट पाहू नये. तो धावत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि एका पट्ट्याच्या बचतीपायी इंजिन खोलावे लागते.

तिसरा हप्ता : डिझेल, गिअर आणि वीज

नव्या पद्धतीच्या इंजिनात डिझेल हजार बारहूनही जास्त दाबाने फवारले जाते. फवारणी पंपाचा नोझल एका कणाने कसा बुजतो हे आपण जाणतोच. येथील भोके तर त्याहून कितीतरी बारीक असतात. म्हणून डिझेलचा फिल्टर वेळेवर बदलावा आणि त्याखाली साचलेले पाणी काढत जावे. पिंपात साठवलेले डिझेल न गाळता ओतू नये. टाकी कोरडी पडू देऊ नये, नाहीतर नळीत हवा शिरते.

गिअर बॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलमधले ऑइल वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. ते तपासावे, काळे-घट्ट झाले असेल तर बदलावे. जेथे ग्रीसचे निपल आहेत तेथे जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे. बॅटरीच्या टोकांवर पांढरे-हिरवे फूल आले असेल, तर आधी ऋण टोकाची तार सोडावी, मग खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने टोके पुसून, वाळवून, व्हॅसलीन लावावे.

रंगकाम, सीटकव्हर, टेप आणि वाजणारा हॉर्न या सगळ्यांची पाळी यानंतर. आधी रंग देणे म्हणजे वाळवी लागलेल्या दाराला तोरण बांधणे.

कागद आणि माणसे

गाडी नावावर करून घेण्याची थकबाकीही ठेवू नये. विकत घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. मालवाहू गाडीचे फिटनेस प्रमाणपत्र गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, आणि त्यानंतर दर वर्षी नवे करावे लागते. विमा आणि धुराचे प्रमाणपत्र चालू असावे. नोंदणीच्या कागदावर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त मोसंबी भरून ब्रेकला दोष देऊ नये.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. मालाच्या गाडीत माणसे बसवू नका, राजूरच्या गणपतीला जायचे असो की वेचणीला. ते कायद्याविरुद्ध आहे. काही झाले तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, आणि ज्या बाईचा हात मोडतो तिचे हातावरचे पोट असते.

घरी काम करताना नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरू नये. खाली भक्कम टेकण आणि चाकांना दगड लावावेत. काढलेले जळके ऑइल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. जमीन आणि पाणी दोन्ही नासतात. जनावरांच्या जखमेला ते लावण्याची चाल आहे, तीही सोडावी. डब्यात भरून गॅरेजवाल्याला परत द्यावे.

त्या गृहस्थांनी तीन हप्त्यांत काम उरकले. पहिल्या हप्त्याला त्यांनी टेप आणि सीटकव्हरसाठी ठेवलेले पैसे वापरले. वही त्यांची दहावीतली नात लिहिते. तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती खर्च. आता दर सोमवारी सकाळी इंजिन थंड असताना ती आजोबांना पाच गोष्टी विचारते. इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, टायरची हवा, मागचे दिवे. पाच मिनिटांचे काम आहे.

वेचणीच्या बाया आता प्रवासी रिक्षाने येतात. भाडे मालक देतो. हात मोडलेली बाईही या हंगामात कामावर आली. पहिल्या दिवशी तिने पिकअपकडे पाहिले आणि त्या पोराला विचारले, "ब्रेक लागतेत का रं आता?" त्याने गाडीत बसून, किल्ली फिरवायच्या आधी, पेडल दाबून दाखवले.

आपल्या दारातल्या गाडीचे पेडल आज संध्याकाळी एकदा असेच दाबून पाहा.