किताबाआधीची एकवीस वर्षे

अन्ना येगोरोवा या सोव्हिएत वैमानिक स्त्रीचे नाव निघाले की तिच्या शौर्याचे गोडवे गायले जातात. ते रास्तच आहे. परंतु कामगार चळवळीने तिचे पुढचे आयुष्यही पाहिले पाहिजे, कारण वैमानिक होण्यापूर्वी ती कामगार होती.

१९१६ साली शेतकरी कुटुंबात जन्मलेली अन्ना मॉस्कोच्या भुयारी रेल्वेच्या बांधकामावर सळ्या बांधण्याचे काम करी. पाळी संपल्यावर ती त्याच कामगारांच्या फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकली. कष्टकऱ्याच्या मुलीला आकाश खुले करणारी ती व्यवस्था होती. पण त्याच व्यवस्थेने तिच्या भावाला ‘लोकशत्रू’ ठरवून अटक केली आणि केवळ त्याची बहीण म्हणून तिला उल्यानोव्स्कच्या वैमानिक शाळेतून काढून टाकले.

महायुद्धात ती आधी निरोप पोहोचवणारे हलके विमान आणि नंतर इल्युशिन-२ चालवू लागली. जमिनीलगत उडून रणगाड्यांवर मारा करणारे हे विमान. ऑगस्ट १९४४ मध्ये पोलंडच्या आघाडीवर तिचे विमान पाडले गेले. मागे बसलेली तोफचालक दुस्या नाझारकिना ठार झाली. होरपळलेली अन्ना जर्मनांच्या हाती पडली. इकडे ती मेली असे समजून ‘सोव्हिएत संघाचा वीर’ या किताबासाठी तिची शिफारस झाली.

क्यूस्ट्रिनच्या छावणीत बंदिवान डॉक्टर गिओर्गी सिन्याकोव्ह यांनी तिला वाचवले. १९४५ च्या जानेवारीअखेर लाल सैन्याने छावणी मुक्त केली आणि अन्नाची उलटतपासणी सुरू झाली. जिवंत कशी सापडलीस, हाच तिचा गुन्हा! ऑगस्ट १९४१ च्या २७० क्रमांकाच्या हुकुमाने शरण जाणे हा देशद्रोह ठरवला होता; त्याची सावली जखमी होऊन पकडल्या गेलेल्यांवरही पडली.

युद्धात हेर पेरले जातात, तेव्हा चौकशी हवीच, असे कोणी म्हणेल. मान्य. पण चौकशी संपली तरी संशय संपला नाही, हा खरा अन्याय. युद्धकैद्यांवरील हा कलंक पुसण्याचा निर्णय १९५६ साली झाला. अन्नाला किताब मिळाला १९६५ साली, शिफारशीनंतर जवळपास एकवीस वर्षांनी. २००९ मध्ये तिचे निधन झाले.

फॅसिझमचा कणा सोव्हिएत कष्टकऱ्यांनी मोडला, हा आपला अभिमान आहे. त्या अभिमानापोटी ही एकवीस वर्षे झाकून ठेवणे म्हणजे अन्नाशीच बेइमानी होय. आरोप लेखी द्या, बाजू मांडू द्या, चौकशी मुदतीत संपवा आणि निर्दोष ठरलेल्याला मानाने कामावर घ्या, ही मागणी आपण मालकाकडे करतो. तीच मागणी आपल्या सरकारकडे, आपल्या पक्षाकडे आणि आपल्या युनियनकडेही करण्याची हिंमत आपल्यात असली पाहिजे.